तुळईच्या टोकावरचा शिक्का

इंदूरच्या रामबागेतला आमचा वाडा उतरवायला घेतला त्या दिवशी मी जाणार नव्हते. घर पाडताना घरच्या बायकांनी बघू नये, असं सासूबाई म्हणायच्या. त्यांचं बाकी फारसं ऐकलं नाही, निदान एवढं ऐकावं असं मनात होतं. पण जुन्या लाकडाचा व्यापारी घनफुटाचं माप घ्यायला येणार होता आणि मापाच्या बाबतीत आमच्याकडे ह्यांच्यावर विसंबून चालत नाही. म्हणून छत्री घेऊन अंगणात उभी राहिले.

कडीपाट उतरवणाऱ्या पोरांनी पहिली तुळई दोरांवरून खाली सोडली. सागाची, मधे किंचित वाकलेली, चुलीच्या धुरानं काळी झालेली. तिचं जे टोक शंभराहून जास्त वर्षं भिंतीच्या पोटात होतं ते पहिल्यांदा उजेडात आलं, आणि ते मात्र मधासारखं पिवळं होतं. त्या आडव्या छेदावर जुन्या चांदीच्या रुपयाएवढा गोल ठसा. आत दोन अक्षरं. पहिलं ‘न’ असेल किंवा ‘ज’. दुसऱ्याचा नुसता काना उरलेला.

मी त्यावरून बोट फिरवत बसले होते. मिस्त्री म्हणाले, “भाभीजी, ये हैमर है. जंगलवालों का. इसके बिना माल नाके से बाहर नहीं आता था.”

हॅमर म्हणजे खराखुरा हातोडा. त्याच्या तोंडावर उलटी अक्षरं कोरलेली असतात. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर एक दणका दिला की सुलटी उमटतात. हे लाकूड कुणाचं, कुठल्या रेंजमधलं, तपासलं गेलं की नाही, हे सगळं त्या एका ठोक्यात. आमची तुळई ज्यानं तपासली तो कुणी होळकर सरकारचा जंगल कारकून असणार. ‘न’ खरा धरला तर नेमावर म्हणावं की निमाड? दोन्ही मुलूख होळकरांचे, दोन्हीकडे साग. म्हणजे अक्षर लागलं तरी उत्तर अर्धंच.

तुळया ट्रकात चढल्या तेव्हा व्यापाऱ्यानं माझ्याकडे घर पाडण्याच्या परवानगीची प्रत मागितली. कशाला, तर वाटेत कुणी अडवलं तर हे जुन्या घरातलं लाकूड आहे असं दाखवायला. मला हसू आलं. काळ्या धुरकट, खिळ्यांची भोकं पडलेल्या तुळया. आंधळ्यालाही हात लावून कळेल. पण त्याला हसू येत नव्हतं. त्याचा धंदा आहे तो.

घरी येऊन मी भारतीय वन अधिनियम उघडला. निवृत्त माणसाला दुपारी असले उद्योग सुचतात. कायदा १९२७ चा, इंग्रजांचा, आणि आजही चालू. त्यात ‘वनोपज’ म्हणजे काय याची व्याख्या आहे, ती दोनदा वाचली. इमारती लाकूड, कोळसा, राळ, लाख, मोहाची फुलं या गोष्टी जंगलातून आणलेल्या असोत वा नसोत, वनोपजच. माझ्या परसातला साग कापला की तो वनोपज. पुढे ६९ वं कलम येतं. वनोपज सरकारचं आहे की नाही असा वाद उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचंच समजायचं. चोर धरला तर चोरी सरकारनं सिद्ध करायची, ही आपली नेहमीची समजूत. लाकडाच्या बाबतीत सिद्ध करायचं ते मालकानं.

यामागे रेल्वे आहे. लोहमार्गाखाली घालायला स्लीपर हवे होते, सागाचे, सालाचे, देवदाराचे, आणि ते लाखांनी. जंगलं बघता बघता उघडी पडायला लागली तेव्हा १८६४ साली वनखातं काढलं, ब्रँडिस नावाच्या जर्मन माणसाला त्याचा प्रमुख केलं. मग १८६५ चा कायदा, १८७८ चा, आणि शेवटी हा २७ चा. आमच्या इंदूरचंही यात अंग आहे. खंडव्याहून इंदूरला गाडी यावी म्हणून तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजानं, एकशे एक वर्षांच्या बोलीवर. पातालपाणी, कालाकुंडचा तो घाट आम्ही लहानपणी कलाकंदाच्या द्रोणासाठी ओळखायचो. त्या रुळांखाली कुठली झाडं गेली, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

या व्याख्येनं, या कलमानं प्रत्यक्ष काय होतं ते मला माझ्या आतेदिरांमुळे कळलं. ते कन्नौदजवळ राहतात. शेत बेताचं, पण बांधावर साग आहे, काकांनी म्हणजे त्यांच्या वडिलांनी लावलेला. बेचाळीस झाडं होती. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांनी त्यातली बारा विकायचं ठरवलं. बारा झाडं, स्वतःची, स्वतःच्या बांधावरची. आधी पटवाऱ्याकडे गेले, कारण ही झाडं खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, चढलेली आहेत का, हा पहिला प्रश्न. नव्हती. काकांनी लावली तेव्हा कोण नोंदवायला जातंय? मग तहसील. मग शेत आणि जंगल यांच्यामधली हद्द कुठून जाते ते बघायला वनखात्याचा नाकेदार येणार. तो आला तेव्हा पटवारी नव्हता, आणि दोघं असले तेव्हा डिप्टीसाहेब दौऱ्यावर. हे सगळं झालं की तोडायची परवानगी, तोडून झाल्यावर हॅमर, हॅमर झाल्यावर टीपी. टीपी म्हणजे ट्रान्झिट पास, वाहतुकीचा परवाना. मध्य प्रदेशात त्याचे वेगळे नियम आहेत, २००० सालचे. टीपी हातात असल्याशिवाय ओंडका गावाच्या वेशीबाहेर जात नाही.

“वहिनी, आठ महिने झाले,” ते फोनवर म्हणाले. “लेकीची पहिली फी भरून झाली, उधारीनं. आता एकजण आलाय. उभी झाडं घेतो म्हणतोय, कागद त्याचे तो बघणार.”

दिली. भाव काय मिळाला ते मी इथं लिहीत नाही, त्यांना वाईट वाटेल. एवढंच सांगते की तेवढ्यात इंदूरला सागाची एक बऱ्यापैकी चौकट आणि दोन दारं होतात. आठ महिन्यांत न निघालेला कागद त्या व्यापाऱ्याला तीन आठवड्यांत मिळाला. कसा, ते मी विचारलं नाही, आतेदिरांनीही सांगितलं नाही.

तेव्हापासून मी पक्की टीपीविरोधी होते. जेवणाच्या टेबलावर भाषणं ठोकायची. शेतकऱ्यानं गहू लावला तर कुणी पास मागत नाही, सागाला का? असा कायदा असेल तर बांधावर साग लावणार कोण? बांबूचं तरी २०१७ मध्ये शहाणपण सुचलं. जंगलाबाहेरचा बांबू कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून काढून टाकला. बांबू गवत आहे हे वनस्पतिशास्त्राला केव्हाचं ठाऊक होतं, कायद्याला नव्वद वर्षं लागली.

आमच्या राज्यानं एक पाऊल पुढं टाकलेलंच होतं. २०१५ च्या सप्टेंबरात अधिसूचना निघाली आणि पन्नासहून अधिक जातींच्या झाडांना टीपीतून मोकळीक मिळाली. शेतकऱ्यानं झाडं लावावीत, त्याला जाच नको, असा हेतू. मला विचारलं असतं तर मीही सही केली असती. पण त्याविरुद्ध लोक जबलपूरला उच्च न्यायालयात गेले, प्रकरण पूर्णपीठापुढे गेलं आणि मार्च २०२५ मध्ये ती मोकळीक रद्द झाली. न्यायालयाचं म्हणणं असं की नैसर्गिक संपत्तीचं सरकार विश्वस्त आहे. विश्वस्तानं अशी सरसकट दारं उघडी टाकायची नसतात.

ती बातमी वाचून मी पेपर आपटला. मिस्त्री तेव्हा बाल्कनीत आमच्या त्या तुळईपासून बाक करत होते. (तुळया सगळ्या विकल्या, शिक्क्याची तेवढी ठेवली.) त्यांना तावातावानं सगळं सांगितलं. त्यांनी रंधा थांबवला आणि विचारलं, “भाभीजी, ये जो आपकी बल्ली है, हैमर न होता तो आप बता देतीं कहाँ की है?”

नसतंच सांगता आलं. आता तरी कुठं येतंय.

खरी अडचण हीच, आणि ती मला इतके दिवस दिसली नव्हती. झाड उभं असतं तोवर त्याला पत्ता असतो. हे देशपांड्यांच्या बांधावरचं, ते जंगलातलं. आडवं झालं, फांद्या उतरल्या, साल निघाली की दोन्ही सारखीच. गव्हाचं जंगल नसतं, म्हणून गव्हाला पास लागत नाही. शेतातली एखादी जात मोकळी केली की जंगलातली तीच जात त्याच ट्रकात बसते, आणि नाक्यावरच्या माणसाला विचारायला काही उरत नाही.

लाकडाला बोलतं करायची ही खटपट किती जुनी आणि किती बाजूंनी झाली आहे, ते बघत गेले तर राज्याच्या कायद्यांची रांगच लागली. १९८४ चा काष्ठ चिरान अधिनियम आरामशीनवाल्यासाठी, म्हणजे लाकूड चिरणाऱ्या गिरणीवाल्यासाठी: परवाना घे, आणि लाकूड किती आलं, किती गेलं त्याचा हिशेब ठेव. २००१ चा लोकवानिकी अधिनियम खासगी जमिनीवरच्या वनासाठी: व्यवस्थापनाचा आराखडा करून घ्या, मग त्याप्रमाणे तोडा. वाचताना चांगला वाटतो. आतेदिरांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. आणि वर सर्वोच्च न्यायालय. जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन खटल्यातला डिसेंबर १९९६ चा आदेश, ज्यानं ‘वन’ या शब्दाला शब्दकोशातला अर्थ दिला, मालकी कुणाचीही असो. २००२ मध्ये नव्या आरामशीनींना राज्यांनी परस्पर परवाने देणंही थांबवलं. धार रोडच्या टिंबर मार्केटात जुना परवाना असलेला माणूस अजून जमीनदारासारखा बसतो, त्याचं एक कारण हे.

एका शब्दापाशी मात्र मी बराच वेळ थांबले. मालिक-मकबूजा. ज्याच्या ताब्यात जमीन त्याच्या मालकीचं झाड, असा त्याचा साधा अर्थ. बस्तर तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. तिथल्या आदिवासींच्या शेतात सागाची प्रचंड झाडं होती आणि मालकाला आपल्या झाडाची बाजारातली किंमत माहीत नव्हती. व्यापाऱ्यांनी मातीमोलानं जमिनी घेतल्या, झाडं घेतली, अधिकाऱ्यांनी परवानग्या दिल्या. कागद सगळे जागच्या जागी! १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सीबीआयकडे चौकशी दिली, आणि पुढच्या वर्षी राज्यानं आदिवासींच्या झाडांच्या रक्षणाचा नवा कायदा केला. कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती झाडं तोडायची नाहीत. आधीचा तसाच कायदा १९५६ पासून होता हे विसरू नये. म्हणजे कायदा असतानाच लूट झाली, आणि त्यावरचा उपाय काय, तर आणखी एक कायदा. माझ्या आतेदिरांना भेटलेला ‘कागद मी बघतो’ म्हणणारा माणूस बस्तरातही होता. फक्त झाडं मोठी होती.

आणि बऱ्हाणपूर. आपल्या लोकांना ते मुमताजमहलच्या गोष्टी आणि जिलबी यांच्यापलीकडे माहीत नसतं. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथल्या जंगलात अतिक्रमण करणाऱ्यांनी हजारो एकरांवर तोड केली. तिच्याविरुद्ध कलेक्टर कचेरीसमोर ठाण मांडून बसले कोण, तर जागृत आदिवासी दलित संघटनेचे आदिवासी. खात्यातल्याच लोकांचा याला हात आहे, असा त्यांचा आरोप. वनहक्कासाठी भांडणारी माणसं जंगल वाचवा म्हणून बसली होती. पुढे संघटनेच्या कार्यकर्तीलाच जिल्ह्यातून तडीपार केलं. इंदूरहून तीन-साडेतीन तासांवर हे चाललेलं, आणि मी जेवणाच्या टेबलावर टीपी काढून टाका म्हणत होते.

अर्थात आम्ही इंदूरवालेही झाडांसाठी भांडतो. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर एका दिवसात अकरा लाखांवर रोपं लावून आम्ही गिनेसमध्ये नाव नोंदवलं. स्वच्छतेत पहिले, रोपांत पहिले, पोह्यांत तर आहोतच. पण माझं मन त्या अकरा लाखांपेक्षा हुकुमचंद मिलमधल्या झाडांत जास्त अडकलेलं आहे. ती कुणीच लावलेली नाहीत. डिसेंबर १९९१ मध्ये मिल बंद पडली, आवाराला कुलूप लागलं, आणि तीस वर्षांत पडक्या शेडांमधून जंगल उगवलं, ऐन शहरात. कामगारांची देणी अडकलेली. ती अखेर २०२३ च्या डिसेंबरात मिळाली, तीही जमीन गृहनिर्माण मंडळाकडे गेली तेव्हा. आता तिथं इमारती उठणार, झाडं जाणार, म्हणून लोक उभे राहिले. मीही एका रविवारी गेले. माझ्या शेजारी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ होते, मिलच्या कापडखात्यात काम केलेले. त्यांच्या हातात फलक होता, झाडं वाचवा. मी विचारलं, काका, तुमचे पैसे याच जमिनीतून आले ना? ते म्हणाले, “हो. बत्तीस वर्षांनी आले. आता झाडांचं बघू.” शहरातल्या झाडांसाठीही आपल्याकडे २००१ चा वेगळा कायदा आहे, वृक्ष अधिकारी आहे, अर्ज आहे. पण तीस वर्षांच्या कुलपाआड जे आपोआप उगवलं त्याचा अर्ज कुणी करायचा?

बाकाचं काम चाललं होतं तेव्हाच मुलाच्या नव्या फ्लॅटसाठी दारं घ्यायची होती. टिंबर मार्केटात गेलो. दुकानदारानं विचारलं, सीपी दाखवू, बर्मा दाखवू की घाना? सीपी म्हणजे आपल्याकडचा, जुन्या मध्यप्रांताचा साग. महाग. बर्मावर त्यानं हात हलवला. म्यानमारनं एप्रिल २०१४ पासून गोल ओंडके बाहेर पाठवणं बंद केलंय, आता जे येतं ते थोडं आणि सोन्याच्या भावानं. घाना स्वस्त. कांडला बंदरात उतरतं, गांधीधामला चिरतात, तिथून ट्रकनं इथं. कागद पक्के, कटकट नाही. आम्ही घानाच घेतलं.

मध्य प्रदेशात सत्त्याहत्तर हजार चौरस किलोमीटरच्या आसपास जंगल आहे, देशात सगळ्यांत जास्त. त्याच्या काठावर राहणाऱ्या माझ्या आतेदिरांचा साग मातीमोलानं गेला, आणि माझ्या मुलाचं दार समुद्रापलीकडून आलं. तिथं कुणाच्या बांधावरचं होतं, की जंगलातलं, कुणी हॅमर मारला, मारला का, मी विचारलं नाही. पावती घेतली, जीएसटीसकट.

तेव्हा टीपी काढा की ठेवा, असं मला आता कुणी विचारलं तर मी ठेवा म्हणेन, थोडी ओशाळून. पण आठ महिने नाही. लाकडाचा पत्ता शोधायचा तर तो ओंडक्यापाशी, नाक्यावर, रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात का शोधता? झाड उभं असताना शोधा. केंद्रानं जून २०२५ मध्ये शेतातल्या झाडांसाठी नमुना नियम काढले त्यात थोडं असंच आहे: लागवड आधी नोंदवायची, जागेसकट, फोटोसकट, आणि दहापर्यंत झाडं तोडायची असतील तर सोपी वाट. राज्यांनी घेतले तर. मी ते छापून आतेदिरांना पाठवले. त्यांनी उत्तरात हात जोडलेलं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ नमस्कारही होतो आणि पुरे करा असाही.

पण गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. उरलेली तीस झाडं खसऱ्यात चढवायची म्हणून ते स्वतःहून पटवाऱ्याकडे गेले होते. कैफियतीच्या रकान्यात लिहायला त्यानं लागवडीचं वर्ष विचारलं. ते कुणालाच माहीत नाही. काका जाऊन अकरा वर्षं झाली. आत्याबाई आहेत, अठ्ठ्याऐंशीच्या, ऐकू कमी येतं. त्यांनी फोन आत्याबाईंच्या कानाला लावला आणि वहिनी तूच विचार म्हणाले, कारण माझा आवाज मोठा आहे.

मी ओरडून विचारलं, आत्या, साग कधी लावला काकांनी?

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. मग त्या म्हणाल्या, “अगं, राजवाडा जळला नाही का? इंदिराबाई गेल्या तेव्हा, दंग्यात. हे बघायला गेले होते इंदूरला. वरचे लाकडी मजले सगळे कोळसा झालेले. आल्यावर दोन दिवस धड जेवले नाहीत. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पोत्यात भरून सागाच्या रोपांचे स्टंप आणले. मी म्हटलं, एवढ्याचं काय करणार?”

“मग काय म्हणाले काका?”

“ते कुठं काय म्हणायचे. लाव म्हणाले. अर्धे मीच लावलेत.”

आतेदिरांनी रकान्यात १९८५ लिहवलं.